बियाचा कोपरा

भंडाऱ्यात भर मे महिन्यात स्वेटर घालणारी एकच बाई होती, आणि तिला कोणी वेडी म्हणत नव्हतं. संघाच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून, एसीने गारठलेली सर्व्हरची खोली होती. ज्योत्सना नान्हे तिथे बसायची. तिचा नवरा धनराज म्हणायचा, "आमच्या घरात कूलर मी पाहतो, बायको हिवाळा पाहते."

संघ म्हणजे जिल्ह्यातल्या धान पिकवणाऱ्यांचा संघ. त्याचं पूर्ण नाव पाटीवर मावलं नाही, म्हणून लोक नुसतं संघ म्हणतात. कोण किती धान आणणार याची नोंद घ्यायची, त्याला तारीख कळवायची, त्याच्या खरेदी केंद्रावर बारदाना, म्हणजे रिकामी पोती, पाठवायचा आणि मग धान मोजून घ्यायचं, हे संघाचं काम. पूर्वी हे सगळं कागदावर बिघडायचं. आता संगणकावर बिघडतं.

ज्योत्सना करडीची. वडील इतवारी हे गावच्या मच्छीमार संस्थेचे जुने सभासद. आई बायाबाई मोहाडीच्या बाजारात मासोळी घेऊन बसायची. ज्योत्सनाने तंत्रनिकेतनात पदविका केली आणि ती संघात कंत्राटावर लागली. करार दर मार्चला संपायचा आणि एप्रिलमध्ये कधीतरी पुन्हा सुरू व्हायचा. मधल्या दिवसांत ती येतच राहायची. ती आली नाही तर खोलीचं काय करायचं हे कोणाला माहीत नव्हतं.

खोलीचा नियम एकच: चपला बाहेर. धूळ आत जाऊ नये म्हणून. पाटी कुठेच नव्हती. कोणी दारात आलं की ज्योत्सना त्याच्या पायांकडे बघायची, आणि तेवढं पुरायचं. संघाचे अध्यक्ष केशवरावसुद्धा मोजे सांभाळत आत यायचे. दसऱ्याला शिपाई मशिनांना हार घालायचा. हवेची जाळी तेवढी झाकू नको, एवढंच ती सांगायची.

मशिनं नऊ होती, नऊ वेगवेगळ्या वेळी घेतलेली. एक पगारासाठी, एक गोदामांसाठी, आणि एक एका व्यवस्थापकाला मार्चच्या आत निधी संपवायचा होता म्हणून. ज्योत्सनाने त्यांना गावोगावच्या तलावांची नावं दिली होती. एकोडी कण्हायचं. दुसरं एक तापायचं. धानाची नोंदणी ज्याच्यात होती ते सगळ्यात जुनं मशीन म्हणजे करडी. एकेक मशीन दिवसाचा बहुतेक वेळ झोपून असायचं आणि झोपेतही जागेपणीइतकीच वीज खायचं. त्यातच साठवणुकीच्या डिस्क एकामागून एक मरायला लागल्या होत्या. बदली डिस्क नागपूरच्या जुन्या मालाच्या बाजारातून आणावी लागे, आणि तीही कोणाच्या तरी मेलेल्या मशीनमधून काढलेली असे.

शेवटी ज्योत्सनानेच प्रस्ताव दिला.

"नऊची दोन करायची म्हणता?" केशवरावांनी विचारलं.

"हो साहेब. दोन मोठी नवी मशिनं आणि साठवणुकीला एकच मोठी जागा. जुनी नऊ त्यांच्यात राहतील."

"राहतील म्हणजे? आत बसवणार?"

"लोखंड नाही बसवणार. त्यांचं वागणं आत राहील. एकाच मशीनवर सगळे राहतात, पण प्रत्येकाला वाटतं आपण वेगळे आहोत."

केशवराव पंख्याकडे बघत राहिले. त्यांच्या घरी चार भाऊ एकत्र होते. "समजलं," ते म्हणाले. "पण जागा कोणाले किती, यावरून भांडण?"

"ते ठरवायला वर एक प्रोग्राम असतो."

"आमच्या घरी आई असते." त्यांनी सही केली आणि पेन खिशाला लावता लावता विचारलं, "मग खोलीत माणूस लागन का?"

ज्योत्सना खोटं बोलू शकली असती. "कमी लागेल, साहेब. बाकीचं नागपुरातून बघता येतं."

"बघू. मार्चमध्ये तुमचा करार संपते. हंगाम सुरळीत गेला पाहिजे, बस."

हंगाम सुरळीत गेला की माणसाची गरज नाही हे सिद्ध होणार होतं, आणि बिघडला की निदान या माणसाची तरी गरज नाही हे. ज्योत्सनाला दोन्ही दिसत होतं. पण मरणाऱ्या डिस्कचा लाल दिवा बघून गप्प बसणंही तिला जमत नव्हतं.

काम नागपूरच्या एका कंपनीला मिळालं. तिथून आलेली हर्षा भंडाऱ्याचीच निघाली, पितळी भांड्यांच्या दुकानदाराची मुलगी. ज्योत्सनापेक्षा लहान, कामात चोख. पहिल्याच दिवशी ती चपला काढून आत आली आणि ज्योत्सनाला ती आवडली.

"ताई, माझा एकच नियम," हर्षा म्हणाली. "ज्याचं काम नव्यावर गेलं, ते जुनं त्याच दिवशी बंद. वायर काढून टाकाची. चालू ठेवलं का लोक जुन्याकडेच जाते."

एकेक मशीन हलवता हलवता दिवाळी जवळ आली. आधी त्यातलं सगळं नव्या जागी उतरवायचं, ताडून बघायचं, मग जुन्याचं बटण दाबायचं. बंद होताना प्रत्येकाचा पंखा एक लांब श्वास सोडायचा. खोली गप्प होत चालली. एकोडी बंद झालं त्या दिवशी ज्योत्सनाला पहिल्यांदा ट्यूबलाइटचा आवाज ऐकू आला.

करडीची पाळी शेवटी आली, एका रविवारी दुपारी. नोंदणी नव्यावर उतरली, दोघींनी ताडून पाहिली, एक दाणाही सांडला नव्हता. हर्षाने बॅग उचलली. "ताई, तेवढी वायर काढून टाका. मी घरी जेवून नागपूरची गाडी पकडतो. आई भरताची वांगी भाजून राहिली."

"काढते," ज्योत्सना म्हणाली.

आणि तिने काढली नाही.

करडीच्या तलावात उन्हाळ्याआधी शेवटची मोठी मासेमारी होते तेव्हा सगळी घरं पाण्यात उतरतात. पण एका बाजूचा कोपरा सोडतात. तिथे जाळं टाकायचं नाही. त्या मासोळ्या पुढच्या वर्षीच्या बियासाठी. कोपरा कोणता, हे इतवारी ठरवतात. ज्योत्सनाच्या घरात भाताचं मडकंसुद्धा कोणी खरवडून रिकामं करत नाही. नऊच्या नऊ मशिनं रिकामी करून बंद करायची, हे तिच्या हाताला पटलं नाही. डोक्याला पटलं होतं. एक राहू दे, तिने ठरवलं, थोडे दिवस. करडी चालूच राहिलं. ज्योत्सना दार लावून घरी गेली.

खरेदी सुरू झाली तेव्हा सगळं इतकं नीट चाललं की दोन संचालकांनी अस्वस्थ होऊन फोन केले. मग मोहाडीच्या केंद्रावरून कमलेशचा फोन आला. कमलेश तिथला ऑपरेटर, तोही कंत्राटावरचाच.

"मॅडम, बारदाना काहून नाही आला? इथे ट्रॅक्टर लागून राहिले. धान काय खिशात भरू?"

ज्योत्सनाने नव्या मशीनवर पाहिलं. मोहाडीची नोंदणी: काहीच नाही. नोंदणी नाही म्हणून तारखेचे निरोप नाहीत, बारदाना नाही. बाकीची केंद्रं भरलेली.

"कमलेश, तू नोंदणी केलीस का?"

"केली ना मॅडम. रोज करून राहिलो. निरोप नाही आले तरी लोक आले, त्यांले तारखा मी तोंडी सांगतल्या. पावत्या दाखवू?"

तिने मान वळवली. कोपऱ्यात करडीचा हिरवा दिवा मजेत लुकलुकत होता.

झालं ते एवढंच. बाकीची केंद्रं मशीनला नावाने हाक मारायची. नाव नव्याला दिलं, की हाक नव्याकडे जायची. मोहाडीच्या संगणकात मात्र कोण्या जुन्या तंत्रज्ञाने नावाऐवजी करडीचा थेट आकडी पत्ता हाताने भरून ठेवला होता. करडी बंद असतं तर मोहाडी पहिल्याच सकाळी अडलं असतं, कमलेशने फोन केला असता, आणि चहा व्हायच्या आत पत्ता बदलला असता. करडी चालू होतं, म्हणून काहीच अडलं नाही. कमलेश इमानदारीने नोंदी करत राहिला, करडी इमानदारीने घेत राहिलं, आणि संघाला मोहाडी दिसेनाशी झाली.

ज्योत्सनाने लगेच मोहाडीचा पत्ता बदलून घेतला आणि करडीतल्या नोंदी नव्यावर उतरवल्या. बारदाना दुसऱ्या दिवशी पोचला. तोवर मोहाडीत लोकांनी धानाचे ढीग ताडपत्रीने झाकले आणि संघाबद्दल जे म्हणायचं ते म्हटलं. त्यातलं बरंचसं केशवरावांपर्यंत पोचलं. त्यांनी सोमवारी संचालकांची बैठक लावली आणि अहवाल मागवला.

हर्षाचा फोन आला. "ताई, टेन्शन घेऊ नका. मोहाडीच्या पोरानं जुना पत्ता ठेवला होता, असं लिहून देतो. तुमचं नाव कुठेच येत नाही." मग तिच्या लक्षात आलं. "पण जुनं तर बंद होतं ना? त्याचं चाललं कसं?"

ज्योत्सनाने कोपऱ्यातल्या करडीकडे पाहिलं.

"ताई?"

"वायर काढली नव्हती मी."

"ठीक आहे," हर्षा म्हणाली. "मी काही विचारलं नाही. पत्ता चुकीचा होता, हे तर खरंच आहे. तेवढंच लिहू."

ते खरंच होतं. तेवढं लिहिलं की कमलेश जाणार आणि ज्योत्सनाला मार्चमध्ये थोडी आशा राहणार. सगळं लिहिलं की मार्चची वाटही बघायची गरज उरणार नव्हती.

रविवारी ती माहेरी करडीला गेली. इतवारी ओट्यावर जाळ्याची भोकं शिवत होते, बायाबाई राख लावून मासोळी साफ करत होत्या. ज्योत्सनाने सगळं सांगितलं, मशीनच्या जागी तलाव घालून. इतवारींनी सुई थांबवली नाही.

"कोपरा सोडला, बरं केलं. मंग तिथं उभं कोण होतं?"

"कोणी नाही, बा."

"वा. अन् मी दरसाली दिवसभर कमरेएवढ्या पाण्यात उभा राहतो, ते काय हौस म्हणून? कोपरा सोडला का पोट्टे तिकडेच जाळं फेकतात. त्यांले वाटते, सारी मासोळी तिकडेच हाये."

"ह्यांचं उभं राहणं म्हंजे बिडी पेणं," बायाबाई म्हणाल्या.

"पेतो. पण उभा राहून पेतो."

बायाबाईंनी मासोळी उलटी केली. "मंग त्या मोहाडीच्या पोट्ट्याचं काय चुकलं? कोपरा उघडा दिसला, त्यानं जाळं टाकलं."

ज्योत्सना जेवून परत आली. रश्शात नेहमीपेक्षा तिखट जास्त होतं.

सोमवारी तिने अहवाल केशवरावांपुढे ठेवला. त्यात पत्त्याचा उल्लेख होता, पण दुसऱ्या वाक्यात. पहिलं वाक्य होतं: जुनं मशीन बंद करण्याचं ठरलं असताना मी ते चालू ठेवलं.

"काहून?" केशवरावांनी विचारलं.

"बियासाठी सोडलं होतं, साहेब."

ती हसण्याची वाट बघत होती. कोणी हसलं नाही. टेबलाभोवतीच्या अर्ध्या लोकांच्या गावात तलाव होते. एक म्हातारे संचालक म्हणाले, "बरोबरच आहे. सगळंच्या सगळं उपसते का कोणी?" दुसरे म्हणाले, "अन् बारदान्याचं काय?" मग दोघांची आपसात सुरू झाली, आणि तलावाच्या मासेमारीचा ठेका कोणाचा, इथपर्यंत गेली.

केशवराव मात्र अहवालाकडेच बघत होते. "म्हणजे कोण जुन्याकडे जाऊन राहिलं, हे आपल्याले दिसतच नव्हतं?"

"नाही, साहेब."

"अशी अजून किती केंद्रं असतील? गोदामं? पगाराचं?"

"माहीत नाही. कुठे कोणी हाताने काय भरून ठेवलंय, ते तिथे जाऊनच कळेल."

केशवरावांनी हर्षाला फोन लावून टेबलावर ठेवला. "मॅडम, हे नागपुरातून दिसन का?"

पलीकडून हर्षाचा आवाज आला, "नाही सर. त्याच्यासाठी कोणीतरी फिरलं पाहिजे."

ठराव त्याच दिवशी झाला. ज्योत्सना नान्हे यांना सक्त ताकीद, आणि सर्व केंद्रं तपासण्याच्या कामी एक वर्ष मुदतवाढ. दोन्ही एकाच वाक्यात होतं, मध्ये फक्त स्वल्पविराम. नीट केलेल्या कामाने तिची जागा संपत आणली होती, चुकलेल्या कामाने ती परत मिळाली. या हिशेबावर ज्योत्सनाने बरेच दिवस विचार केला. त्यातून शिकण्यासारखं काही निघेना, तेव्हा सोडून दिला. कमलेशच्या नावाचा ठरावात उल्लेख नव्हता. आपली नोकरी जाता जाता राहिली, हे त्याला कळलंच नाही.

बैठक संपल्यावर तिने मोहाडीला फोन लावला. "आता जुनं बंद करते आहे. काही अडलं तर सांग."

"चालू आहे मॅडम."

तिने बटण दाबलं आणि वायर काढली. करडीने लांब श्वास सोडला. ती फोन कानाला लावून उभी राहिली.

"आता?"

"अजून चालूच आहे. काहून, काय करून राहिले तुमी?"

"काही नाही. उभी आहे."

आता ती आठवड्याचे बहुतेक दिवस केंद्रांवर असते, डोक्याला रुमाल बांधून, स्कूटीवर. स्वेटर खोलीतल्या खिळ्यावरच आहे. नव्या मशिनांचं एक कपाट तिथे भिंतीला लागून उभं असतं. बाकी खोली रिकामी झाली. कपाटासाठी एसी रात्रंदिवस चालू ठेवावाच लागतो, मग त्यात माणसानं का बसू नये, असा विचार करून केशवरावांनी आपलं टेबल तिथे हलवलं. लोक अजूनही दारात चपला काढतात आणि थोडे वाकून आत येतात. इतकी वर्षं अध्यक्ष असून असा मान आपल्याला आधी कधी मिळाला नव्हता, असं केशवराव परवा कोणाला तरी सांगत होते. ज्योत्सना तेव्हा तिथेच कपाटाचे दिवे तपासत होती. तिने त्यांच्या पायांकडे पाहिलं. ते अनवाणी होते, म्हणून ती काही बोलली नाही.