पत्रकाखालचं नाव

ज्या कागदाखाली छापणाऱ्याचं नाव नाही, तो कागद आपल्या ट्रेडलवर चढायचा नाही, असा माझ्या वडिलांचा नियम होता. मुंबईच्या एका छापखान्यात ते अक्षरांचे खिळे जुळवीत. नोकरी सोडली तेव्हा रेवदंड्याच्या सावकाराकडून दोनशे रुपये काढून त्यांनी पायाने चालवायचं जुनं ट्रेडल यंत्र विकत घेतलं. बंदरातल्या त्यांच्या एका तांडेल मित्राने ते आपल्या मचव्यातून आणून दिलं आणि भाडं घेतलं नाही. "लोखंडाचा भार व्हता म्हनून तर मचवा डोलला न्हाय," असं तो वर म्हणाला.

मी त्या यंत्राच्या आवाजात वाढलो. पाटीवरच्या सुलट्या अक्षरांआधी खिळ्यांची उलटी अक्षरं मला वाचता येत. लग्नपत्रिका छापून घर चालायचं, आणि उरल्या वेळात विदेशी कापडाविरुद्ध, दारूच्या पिठ्यांविरुद्ध, सावकारीविरुद्ध पत्रकं निघायची. अठराव्या वर्षापासून ती मीच लिहू लागलो. वडील तापाने गेले तेव्हा यंत्र आमचं झालं आणि कर्जही.

वडील दर खेपेला मुदतीआधी कर्जाची चिठ्ठी नवी करून देत, पण शेवटच्या चिठ्ठीला तीन वर्षं उलटली की कोर्ट दावा ऐकत नाही, हे आईला ठाऊक होतं. तिला अक्षर येत नव्हतं, पण मुदत तोंडपाठ होती.

"गणपती पान्यात गेले की सुटलो," ती म्हणायची. "तवर तू गप ऱ्हा."

"ही चोरी आहे," मी म्हणायचो.

"व्याज घेतला तो चोर न्हाय, आनि मी चोर?"

श्रावणात सावकाराचे दिवाणजी आले. वसुलीचं सगळं काम त्यांच्याकडे. आई विहिरीवर गेली होती. त्यांनी पैशांचं नावसुद्धा काढलं नाही. भिंतीवरचं माझं ताजं पत्रक उभ्याउभ्या वाचलं आणि मान डोलावली.

"छान लिहिता. पण शेट म्हणतात, हा मुलगा बापाचं कर्ज नाकारणार. सावकाराला लुटारू म्हटलं की बुडवायला मोकळं!"

माझं डोकं फिरलं. "थांबा पाच मिनिटं," म्हणालो आणि खिळ्यांच्या केसपाशी बसलो. पाच मिनिटांचा अर्धा तास झाला. वडिलांचं कर्ज मी नाकारत नाही, व्याज अन्यायाचं असलं तरी मुद्दल पै न पै फेडीन, असं जाहीर निवेदन जुळवलं आणि एक प्रत काढून ओल्या शाईसकट त्यांच्या हातात दिली.

दिवाणजींनी तळापर्यंत वाचलं. "खाली सही कशी नाही? तुमच्याकडे निनावी कागद छापत नाहीत, असं ऐकलं होतं."

मी सही केली. तारीखही घातली.

दसऱ्यानंतर बेलिफ समन्स घेऊन आला. दाव्याच्या कागदांना माझंच निवेदन जोडलेलं होतं. माझ्या सहीने मुदत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली होती. मी ते आईला वाचून दाखवलं. तिने हातातलं सूप खाली ठेवलं.

"तुला लिवाया कुनी सांगितला व्हता?"

मी समन्स घडी घालून खिशात ठेवलं. 

अलिबागच्या वकिलाने कागद पाहून परत दिला. "इतकी स्वच्छ कबुली मी पाहिलेली नाही. शुद्धलेखनसुद्धा अचूक आहे. तडजोड करा, नाहीतर ट्रेडलवर जप्ती येईल."

तारखेला आई आणि मी पहाटेच चौलच्या वाड्यांमधून चालत निघालो. मी वाटभर भाषण जुळवत होतो. कोर्टाच्या ओसरीवर दिवाणजी सुपारी कातरत बसले होते. मी भाषण सुरू केलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि दोन खांडं माझ्यापुढे धरली.

"या, लेखकमहाराज. महिना किती जमेल?"

"पाच."

"पंधरा. एक हप्ता चुकला की जप्ती."

"पंधरा आणायचे कुठून?"

"त्याचाही विचार केलाय. शेटकडे घरं येतात, होड्या येतात. लिलावाला गिऱ्हाईक जमवायला पत्रकं लागतात, ती मुंबईहून छापून आणावी लागतात. तुम्ही छापा. पाच रोख, दहाचं काम."

"मी तुमच्या लिलावांची पत्रकं छापू?"

"पत्रकंच तर छापता की!"

मी उठून उभा राहिलो. त्यापेक्षा यंत्र घेऊन जा, असं म्हणायला तोंड उघडलं, तोच आईने माझा सदरा मागून धरला.

"छापतो म्हन."

"आई, हे..."

"तुझ्या बापाचा जलम त्या यंत्रावर गेलाय. तू सही केलीस तवा मला इचारलास न्हाय. आता मी करतंय." मग ती त्यांच्याकडे वळली. "दिवाणजी, बारा करा. आनि कागुद आमचा न्हाय, शाई आमची न्हाय."

बारावर तुटलं. कागद सावकाराचा, शाई आमची. न्यायाधीशांपुढे आईने अंगठा उठवला. मी सही केली. या खेपेला तारीख कारकुनाने घातली.

पहिलं काम आठ दिवसांनी आलं. दिवाणजींच्या हातचा मजकूर होता, अर्धा फुलस्केप. एक मचवा, शीड आणि नांगरासह, बंदरावर लिलाव. मालक तोच तांडेल होता. मी कागद आईपुढे वाचला. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"खाली आपला नाव नको घालू," एवढंच बोलली. दिवाणजींचीही त्याला हरकत नव्हती. त्यांनी तसं समासात लिहूनच दिलं होतं.

सगळा मजकूर जुळवून झाला. शेवटची ओळ तेवढी रिकामी होती. नाव न घालावं तर वडिलांचा नियम मोडणार होता, आणि घालावं तर ते वडिलांच्या मित्राच्या मचव्याखाली जाणार होतं. मी नाव घातलं. पन्नास प्रती पायाने मारल्या. पत्रकं मी किती मारली असतील, पण पाय इतका जड कधी पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तांडेल दारात आला. बंदरावरच्या भिंतीवरून एक प्रत त्याने सोलून आणली होती, कोपरा फाटला होता.

"काय लिवलाय, वाच रं पोरा."

मी वाचलं. शीड, नांगर, वार, वेळ. एक शब्द गाळला नाही.

"आनि ही खालची बारकी ओळ?"

"माझं नाव. छापणाऱ्याचं."

त्याने कागद परत घेतला आणि त्या ओळीवरून अंगठा फिरवला. शाई वाळलेली होती.

"बापासारकाच छापतोस," तो म्हणाला आणि घडी घालून कागद कनवटीला लावून गेला.

आतून आईने विचारलं, "कोन व्हता?"

मी ट्रेडलचे रूळ पुसायला घेतले. दुसरा मजकूर संध्याकाळी येणार होता.