पाच लिटरचं माप

श्रीनाथराव दिघ्यांनी एकसष्ट वर्षांत कुणाला साधी चापट मारली नव्हती. सरकारी पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं काढली. पोरांनी काचेची नळी फोडली की "अरे बेटा" एवढंच म्हणायचे आणि काचा स्वतःच वेचायचे. म्हणून त्यांनी पेट्रोल पंपावर एका माणसाचा जबडा फोडल्याची बातमी आली, तेव्हा माधव नगरात कुणाचा विश्वासच बसेना.

सुरुवात स्कूटरच्या टाकीपासून झाली. टाकी पाच लिटरची, तसं कंपनीच्या पुस्तकात छापलेलं होतं. त्या पंपाच्या मशीनने एक दिवस पाच लिटर सातशे मिली दाखवले, आणि टाकी तर आधी रिकामीही नव्हती. दुसऱ्या कुणी दोन शिव्या घालून सोडून दिलं असतं. श्रीनाथरावांनी टाकी पूर्ण सुकवली, पंपापर्यंत स्कूटर ढकलत नेली, चार लिटर भरून घेतलं, घरी आले आणि अंगणात खालची नळी काढून सगळं पेट्रोल मोजपात्रात उतरवलं. तीन लिटर सहाशे नव्वद. येताना दोन किलोमीटरला जळलेलं वजा करूनसुद्धा पाव लिटर कुठेतरी गडप झालं होतं.

"दुसऱ्या पंपावर जा ना," जयूताई म्हणाल्या. त्या बँकेतून रिटायर झालेल्या, फालतू झंझट त्यांना खपायची नाही. "शहरात काय एकच पंप आहे?"

"मी जाईन गं. पण तिथे दिवसाला हजार गाड्या येतात, त्यांचं काय?"

"तुम्ही काय त्यांचे वकील लागलात?"

ते हसले आणि मंगळवारी दुपारी परत त्याच पंपावर गेले.

प्रत्येक पंपावर सरकारी शिक्क्याचं पाच लिटरचं माप ठेवावंच लागतं, आणि गिऱ्हाइकाने मागितलं की त्याच्यासमोर मोजून दाखवावं लागतं. श्रीनाथरावांनी माप मागितलं. पेट्रोल भरणारा गोपाळ हा चाळिशीचा, भरल्या अंगाचा माणूस, शहराबाहेरच्या भैरवगढ़हून रोज सायकलने यायचा. त्याने कपाळाला आठ्या घालून माप आणलं, पाच लिटर सोडलं. पेट्रोल अगदी रेघेवर येऊन थांबलं. रांगेतले लोक खिदळले.

"देख लिया, बाबूजी? हो गई तसल्ली?"

पण मशीन सुरू करण्याआधी गोपाळचा डावा हात क्षणभर पँटच्या खिशात गेला होता. चौतीस वर्षं पोरांच्या हातांकडेच बघत आलेल्या माणसाच्या नजरेतून ते सुटलं नाही.

"एक बार और नापो. इस बार दोनों हाथ बाहर."

"क्यों? नौकर हूँ क्या तुम्हारा?"

श्रीनाथरावांनी डाव्या हाताने भरलेलं माप उचललं आणि उजव्या हाताने पुन्हा खिशात गेलेलं गोपाळचं मनगट धरून ते बाहेर ओढून काढलं. काळं, गाडीच्या लॉकचं असतं तसं बारकं रिमोट फरशीवर पडलं. त्यांनी ते झटकन उचलून मुठीत धरलं.

पहिला फटका मागून कानावर बसला. कानात शिटी वाजावी तसा आवाज झाला आणि मग त्या बाजूचं ऐकूच येईना. पंपावरच्या दोघांनी कॉलर धरून त्यांना फरफटत हवा भरायच्या खोलीमागे नेलं. मापातलं पेट्रोल हिंदकळत त्यांच्या छातीवर, पोटावर सांडत होतं. गोपाळ पुढे चालत होता. पंपाचा मालक रमेशभैया केबिनमधून बाहेर आला तो लोखंडी पहार घेऊनच.

"बुड्ढे, मुट्ठी खोल."

श्रीनाथरावांनी मूठ आणखी आवळली. पहार मनगटावर आली. हाड मोडल्याचा आवाज त्यांना फुटक्या कानानेही ऐकू आला. बोटं आपोआप उघडली, रिमोट पडलं. गोपाळ ते उचलायला वाकला आणि वर येताना त्याने त्यांच्या पोटात कोपर हाणलं.

डाव्या हातात माप अजून होतंच. जाड धातूचं, तळाशी कडा असलेलं. ते त्यांनी गोळा होईल तेवढ्या जोराने फिरवलं. कडा गोपाळच्या गालावर बसली, गाल ओठापासून कानापर्यंत उकलला आणि तो मटकन खाली बसला. त्याने दोन्ही हातांनी तोंड धरलं होतं. आता तो कुणाला काही करणार नव्हता. श्रीनाथरावांना ते स्पष्ट दिसत होतं. तरी त्यांनी माप पुन्हा उचललं आणि त्या हातांवर, त्या तोंडावर दुसऱ्यांदा हाणलं. काहीतरी कडकन मोडलं. दोन दात रक्तासकट मातीत पडले.

त्यांना बरं वाटलं. अंगातून गरम काहीतरी धावत गेलं आणि तिसऱ्यांदा मारायला त्यांचा हात वर गेला.

तो खाली यायच्या आत बाकीचे तुटून पडले. बरगड्यांवर लाथा बसू लागल्या. डोकं भिंतीवर आपटलं. रमेशभैयाने त्यांचे केस धरून तोंड वर केलं, खिशातून लायटर काढला आणि पेट्रोलने भिजलेल्या सदऱ्यापासून हातभर अंतरावर धरला.

"जला दूँ? बोल, जला दूँ?"

लायटरच्या चाकावर फिरणारा त्याचा अंगठा श्रीनाथरावांना दिसत होता. हवा भरायला आलेला एक ट्रकवाला तिकडून बोंबलला, "ओ भाई, पूरा पंप उड़ जाएगा! पागल है क्या?" तेव्हा कुठे लायटर खिशात गेला.

ठाण्यात पहिली तक्रार रमेशभैयाची लिहिली गेली. दिघे नावाच्या इसमाने कर्मचाऱ्यावर जीवघेणा हल्ला करून गल्ला लुटायचा प्रयत्न केला, अशी. श्रीनाथरावांचं मनगट आणि तीन बरगड्या मोडल्या होत्या, आणि हॉस्पिटलात खाटेशेजारी शिपाई बसवला होता, ते पळून जाऊ नयेत म्हणून. जयूताईंची तक्रार ठाणेदाराने घेतलीच नाही. त्यांनी तिथेच बाकड्यावर बसून ती दोन प्रतींत लिहिली आणि एक रजिस्टर पोस्टाने पोलीस कप्तानाला, म्हणजे जिल्ह्याच्या एसपीला धाडली.

"आता सोडून देऊ या, जयू," श्रीनाथराव खाटेवरून म्हणाले. "माझीच चूक झाली."

"कानाने ऐकू येत नाही तुम्हाला, हात मोडलाय. आणि सोडून द्या म्हणता? पहिले मी बोलले होते तेव्हा ऐकलं नाहीत, आता मी ऐकणार नाही."

त्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. पंपांच्या मशीनवर शिक्के मारणाऱ्या खात्याकडून दोनच गोष्टी मागितल्या. या पंपाची शेवटची तपासणी कोणत्या तारखेला, कुणाच्या सहीने झाली? आणि त्या महिन्याचा त्या ऑफिसचा हजेरीपट. हजेरीपट कशाला, असं वकील निहारिकाने विचारलं. ही तिशीतली मुलगी त्यांच्या बँकेतल्या मैत्रिणीची भाची. जयूताई म्हणाल्या, "बँकेत लफडं धरायचं असलं की आधी त्या दिवशी कोण हजर होतं ते बघायचो."

तीस दिवस झाले, उत्तर नाही. एकतिसाव्या दिवशी सकाळी त्या अपील पोस्टात टाकायला निघाल्या आणि फाटकाशी तीन जण मोटरसायकलवरून उतरले. एकाने खिडकीत वीट घातली. दुसऱ्याने स्कूटरवर बाटली उपडी करून काडी ओढली. तिसऱ्याने जयूताईंचा अंबाडा धरून त्यांना पायरीवरून खाली खेचलं. केसांबरोबर टाळूची कातडी सुटली, रक्त डोळ्यांत उतरलं.

"अर्जी वापस ले ले, माई. नहीं तो अगली बार स्कूटर नहीं जलेगी."

त्याने तोंड दाबायला हात आणला तेव्हा जयूताईंना त्याचा अंगठा दातांत सापडला. अठ्ठावन्न वर्षांच्या त्या बाईने तो हाडापर्यंत चावला आणि सोडला नाही. तो गुरासारखा ओरडला, त्यांच्या पाठीत बुक्क्या घालत राहिला. जामिनावर घरी आलेले श्रीनाथराव प्लास्टरमधला हात घेऊन बाहेर येईपर्यंत तिघे पळाले होते. स्कूटर धडधडून जळत होती. जयूताईंनी तोंडातलं रक्त गटारात थुंकलं, डोक्याला पंचा बांधला, साडी बदलली आणि रिक्षा करून आधी पोस्टात गेल्या, मग टाके घालायला.

श्रीनाथराव त्या दिवशी जळक्या स्कूटरसमोर बसून होते. आपण मारलं म्हणून जयूला मार बसला, हे काही डोक्यातून जाईना. आणि त्यापेक्षाही वाईट म्हणजे तो अंबाडा धरणारा समोर असता तर आपण पुन्हा मारलं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पहिल्या अपिलात खात्याचा साहेब म्हणाला, फाइल सापडत नाही. जयूताई भोपाळपर्यंत गेल्या, वरच्या माहिती आयोगापुढे टाळूचे टाके दाखवले, फाइल हरवली असेल तर तसं साहेबाने लिहून द्यावं म्हणाल्या. लिहून द्यायची वेळ आली तशी फाइल सापडली. पंपाची तपासणी चौदा नोव्हेंबरला झाली होती. मशीन बरोबर असल्याचं लिहिलं होतं, खाली सही, शिक्का. आणि हजेरीपटावर ती सही करणारा अधिकारी अकरा ते वीस नोव्हेंबर आजारपणाच्या रजेवर होता.

पुढचं भराभर झालं. भोपाळहून तपासणीचं पथक आलं, त्यांनी मशीन उघडलं, दोन नळ्यांच्या मागे माप कमी करणाऱ्या, रिमोटवर चालणाऱ्या चिप निघाल्या. अधिकारी निलंबित झाला. कप्तानाच्या हुकमाने जयूताईंची तक्रार, फाटकावरच्या हल्ल्यासकट, अखेर दाखल झाली आणि रमेशभैयाला जामीन घ्यावा लागला. पण दिघ्यांनी ग्राहक आयोगात टाकलेल्या दाव्यात त्याच्या वकिलाने पवित्रा घेतला की चिप मशीन दुरुस्त करणाऱ्याने बसवली, मालकाला पत्ता नव्हता. रिमोट तर कधीच नाहीसं झालं होतं. ते रोज हाताळणारा माणूस एकच होता.

"गोपाळला साक्षीला बोलवू," निहारिका म्हणाली. "पण तो येणार नाही. त्याची तुमच्यावर केस आहे."

श्रीनाथराव प्रवासी टेम्पोत बसून एकटेच भैरवगढ़ला गेले. साक्षीसाठी नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं. गोपाळच्या घरामागे छापलेल्या चादरी वाळत होत्या; नोकरी गेल्यापासून तो सासऱ्याच्या छपाईच्या कामाला लागला होता. गालावर जाड, लाल वण उठला होता. तोंड वाकडं झालं होतं.

"माफी माँगने आया हूँ," श्रीनाथराव म्हणाले.

गोपाळने हातातला रंगाचा डबा खाली ठेवला, जवळ आला आणि त्यांच्या तोंडावर ठोसा हाणला. नाकातून रक्त आलं. ते धडपडले, पण हात वर केला नाही.

"पहला तो मैं समझता हूँ, बाबूजी. तुम्हारा हाथ टूटा था, तुमने मारा. मैं भी मारता." त्याचे शब्द अर्धवट जबड्यातून ओले होऊन बाहेर पडत होते. "मैं तो बैठ गया था. दूसरा क्यों मारा?"

वकिलाने शिकवलेलं उत्तर होतं. श्रीनाथरावांनी ते दिलं नाही.

"अच्छा लगा था. इसलिए."

 गोपाळने रंग पुसायचं फडकं त्यांच्या अंगावर भिरकावलं. "नाक पोंछो. और जाओ यहाँ से."

महिनाभराने तो आयोगापुढे आला, समन्स मिळाल्यावर. रिमोट कुणी दिलं, मालकाची खूण काय असायची, माप मागणारा आला की कोणतं बटण दाबायचं, सगळं सांगितलं. निघताना दिघ्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि स्वतःची केसही मागे घेतली नाही. आयोगाने पंपाला दंड ठोठावला, दिघ्यांना भरपाई द्यायला लावली. पंपाचा परवाना थांबला. मारहाणीचा आणि घर जाळायच्या धमकीचा खटला रमेशभैयावर अजून चालू आहे, तारखा पडताहेत.

गल्ला लुटल्याचा आरोप तपासात गळून पडला होता, मारहाणीचा तेवढा उरला होता. गोपाळच्या केसमध्ये निहारिकाने हात जोडले. "काका, दोन्ही वार जीव वाचवायला केले एवढंच म्हणा. व्हिडिओ नाही, तुमचं मनगट मोडलेलं. सुटाल."

श्रीनाथराव कठड्यात उभे राहिले. न्यायाधीशांनी विचारलं, तसं ते सावकाश बोलले, कारण फुटक्या कानामुळे स्वतःचा आवाज त्यांना नीट ऐकू येत नसे. "साहब, पहला वार बचाव में था. दूसरा नहीं था. वो बैठ चुका था." मागे निहारिकाने डोळे मिटून घेतले. जयूताई ताठ बसून होत्या.

ते दोषी ठरले. वय आणि आधीचा स्वच्छ इतिहास बघून तुरुंग टळला. वर्षभर चांगल्या वर्तणुकीचा बाँड, आणि गोपाळच्या दातांचा, जबड्याचा खर्च. आयोगाची भरपाई आली ती जवळजवळ सगळी तिकडेच गेली. गोपाळने कोर्टाच्या बाबूसमोर चेक नीट वाचून घेतला आणि सही केली. जिन्यात दोघे समोरासमोर आले तेव्हा तो थांबला.

"नए दाँत लग जाएँगे," तो म्हणाला. "चबाना इसी तरफ से पड़ेगा." त्याने उजवा गाल दाखवला, आणि उतरून गेला.

आता दर महिन्याच्या पाच तारखेला श्रीनाथराव बाँडच्या अटीप्रमाणे प्रोबेशन अधिकाऱ्यापुढे हजेरीची सही करायला जातात. स्कूटर पुन्हा घेतली नाही, देवास गेटच्या थांब्यापर्यंत टेम्पोने आणि पुढे चालत. जयूताई सोबत असतात. टाळूवर जिथे केस उगवले नाहीत तिथे त्या पदर घेतात. ते सही करतात तोवर त्या शेजारच्या इमारतीत जाऊन जिल्ह्यातल्या दुसऱ्या एखाद्या पंपाच्या तपासणीच्या तारखा आणि हजेरीपट मागणारा अर्ज खिडकीत देतात, आणि पोचपावतीवर शिक्का नीट उमटलाय की नाही ते बघितल्याशिवाय खिडकी सोडत नाहीत.