न केलेला व्यायाम

रघुवीर चांदोरकर अकोल्याहून चंदीगडला आले ते कायमचेच. सेक्टर ३९मधल्या सरकारी संशोधन संस्थेत उपकरणं सांभाळायची नोकरी मिळाली, तिथल्याच क्वार्टरमध्ये संसार झाला आणि निवृत्तीनंतर मनीमाजऱ्यात दोन खोल्यांचं घर घेतलं. बदली होऊन कुणी मराठी कुटुंब शहरात येणार असेल, तर त्यांना आधी चांदोरकरांचा नंबर मिळायचा. मग रघुवीर सेक्टर त्रेचाळीसच्या बस अड्ड्यावर हजर. इस्त्रीचा शर्ट, ताठ मान, लांब ढांगा. पाहुण्यांची सगळ्यात जड बॅग स्वतः उचलायचे. संस्थेतले पंजाबी सहकारी त्यांना ‘सीधे चलने वाले मराठे’ म्हणत आणि त्यांना ते मनापासून आवडायचं.

त्यांच्या चालण्यात काहीतरी बिघडलंय हे आधी त्यांच्या बायकोच्या, शालिनीच्या लक्षात आलं. चालताना त्यांचा उजवा हात हलत नव्हता, अंगाशी नुसता चिकटलेला असायचा. मग बँकेतली सही बारीक व्हायला लागली. चेहरा असा झाला, की हसले तरी समोरच्याला कळेना. डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितला, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, “गोळ्यांइतकाच व्यायाम महत्त्वाचा. तो घरी रोज व्हायला हवा.”

त्यासाठी हरलीन कौर नावाच्या तरुण फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. तिने रघुवीरांच्या फोनमध्ये एक ॲप घालून दिलं. पडद्याच्या एका बाजूला व्यायाम दाखवणारी बाई आणि दुसऱ्या बाजूला, कॅमेऱ्यातून, आपण स्वतः. पाठ वाकतेय का, हात पुरता वर जातोय का, हे आपलं आपल्याला दिसावं म्हणून. व्यायाम संपला की हिरवं बटण दाबायचं. ते तिकडे हरलीनला दिसणार आणि मोहालीत नोकरी करणाऱ्या मुलीला, रेवालाही.

“अंकलजी, रोज करना है. पक्का?” हरलीन म्हणाली.

“पक्का,” रघुवीर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फोन टेबलावर उभा केला, समोर उभे राहिले आणि पडद्यावर एक वाकलेला म्हातारा पाहिला. तोंड किंचित उघडं, खांदे पुढे आलेले, डोळे मिटमिट न करता एकटक बघणारे. त्या बाईने हात पसरले. म्हाताऱ्याचे हात अर्ध्यातच थांबले. रघुवीरांनी फोन पालथा ठेवला.

“काय झालं?” शालिनीने स्वयंपाकघरातून विचारलं.

“काही नाही. उद्या करतो.”

उद्या डोकं दुखत होतं, परवा लाइट गेली होती. तिसऱ्या दिवशी रेवाचा फोन आला. “बाबा, यह क्या? एकही हिरवं नाही! तुम्ही सिरियस आहात की नाही?” ती आवाज चढवून बोलली आणि रघुवीर ऐकत राहिले. पूर्वी असं कुणी बोललं असतं तर त्यांनी एका वाक्यात गप्प केलं असतं. आता शब्दच लवकर येत नव्हते. फोन ठेवल्यावर ते जेवले नाहीत.

शालिनीला ते बघवेना. संध्याकाळी तिने त्यांचा फोन उचलला, आवाज बंद केला, त्या बाईला पडद्यावर एकटीलाच हातपाय हलवू दिले आणि शेवटी हिरवं बटण दाबलं. लगेच रेवाचा मेसेज आला. हृदयाची चित्रं, टाळ्या, ‘प्राउड ऑफ यू बाबा’. शालिनीने तो त्यांना वाचून दाखवला. त्यांनी काही विचारलं नाही. तिनेही काही सांगितलं नाही.

एका दिवसाचं म्हणून केलेलं ते मग रोजचं झालं. चालणंही फोन मोजतो हे कळल्यावर शालिनी भाजीला जाताना तो पिशवीत घेऊन जाऊ लागली. मनीमाजऱ्याच्या बाजारात ती मेथी निवडायची आणि रेवाला वाटायचं, बाबा फिरून आले. पूर्वी रेवा दर रविवारी यायची. हळूहळू तिच्या सुट्ट्या दुसरीकडे जाऊ लागल्या. घरचं सगळं ठीक चाललंय, हे तिला रोज दिसतच होतं.

हरलीनने दोनदा तपासायला बोलावलं. एकदा शालिनीने पाहुणे आलेत म्हणून कळवलं, एकदा त्यांना ताप आहे म्हणून. तेव्हा शालिनी म्हणाली होती, “अहो, आता खरंच सुरू करा ना. मी बसते बाजूला.”

“काहून मागे लागतेस? सोमवारपासून करतो.”

असे सोमवार पुष्कळ गेले. हिरव्या खुणा बघून हरलीनने पुढच्या पायरीचे व्यायाम दिले. खुर्ची सोडून जागच्या जागी वळायचं. जवळ कुणीतरी उभं पाहिजे, असं तिने बजावलंही होतं.

जूनमधल्या एका रविवारी रेवा आंबे घेऊन आली. जेवणं झाल्यावर लाडात येऊन म्हणाली, “बाबा, हरलीन म्हणाली तुम्ही नेक्स्ट लेव्हलला पोचलात. वो घूमने वाला दिखाओ ना.”

शालिनी घाईने म्हणाली, “आत्ता नको गं, जेवण झालंय.”

पण रेवाच्या चेहऱ्यावर इतकं कौतुक होतं, की रघुवीरांना नाही म्हणवेना. ते उठले, खुर्चीचा हात सोडला आणि वळायला गेले. अंग वळलं, पाय वळले नाहीत. फरशीला चिकटल्यासारखे जागीच राहिले. रेवा हात पुढे करेपर्यंत ते कुशीवर पडले होते.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चालू असताना बाहेरच्या बाकावर रेवा पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, “रोज तर करत होते ते! मग असं कसं झालं?”

शालिनीने पदर हातात घट्ट धरला. “नव्हते करत. बटण मी दाबत होते.”

रेवाला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ती चिडेल, असं शालिनीला वाटलं. पण ती भिंतीकडे तोंड करून रडायला लागली. “आई, मी ते बघून निश्चिंत व्हायचे गं. इथून अर्ध्या तासावर राहते मी. एकदा येऊन बाजूला उभी राहिले असते तर...”

शालिनीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

रघुवीर घरी आल्यावर हरलीन त्यांना बघायला आली. शालिनीने तिलाही सगळं सांगितलं. हरलीन रागावली नाही. रघुवीरांच्या पलंगाशी खुर्ची ओढून तिने विचारलं, “अंकलजी, करने का मन क्यों नहीं हुआ?”

त्यांनी नजर फोनकडे वळवली. मग पुटपुटले, “उसमें मैं दिखता हूँ.”

हरलीनने फोन घेतला आणि कोपऱ्यातल्या एका खुणेवर बोट टेकवलं. म्हाताऱ्याची चौकट नाहीशी झाली. पडद्यावर फक्त ती बाई उरली. “बस इतना? पहले दिन बोल देते,” ती हळूच म्हणाली.

रघुवीर त्या फोनकडे बघत राहिले. शालिनीही. लग्नाला इतकी वर्षं झालेली, एका छताखाली दिवसभर दोघंच. आणि तुम्ही का करत नाही, हे तिने एकदाही धड विचारलं नव्हतं. मागे लागली होती, समजावलं होतं, त्यांच्या वतीने खोटं बटणही दाबलं होतं. विचारायचं तेवढं राहून गेलं.

त्यानंतर व्यायाम खरोखर सुरू झाला, पण खुर्चीत बसून. शालिनी बाजूच्या खुर्चीत बसून तेच हातवारे करते. रेवा ऑफिस सुटल्यावर आठवड्यातून दोनदा येते, वॉकरच्या मागे उभी राहते. रघुवीरांचा आवाज थोडा मोकळा झालाय, घास गिळताना ठसका कमी लागतो. पण आधाराशिवाय चालणं आता होणार नाही. या आजारात सुरुवातीची वर्षं सगळ्यात कामाची असतात, असं डॉक्टर म्हणाले. दोष द्यायला नव्हे, रेवाने विचारलं म्हणून.

थंडी सुरू झाली तेव्हा अकोल्याहून पत्रिका आली. धाकट्या भावाच्या नातीचं, ओजस्विनीचं लग्न. रघुवीरांनी तिला लहानपणीच शब्द दिला होता, तुझ्या लग्नात मंगलाष्टकांना अंतरपाट मी धरणार. दोन दिवसांचा प्रवास त्यांना झेपणारा नव्हता.

“मीही जात नाही,” शालिनी म्हणाली.

“जा तू. रेवाला घेऊन जा. घरातलं कुणीतरी पाहिजे तिथं.” मग ते म्हणाले, “मी तेव्हा केलं असतं, तर आलो असतो ना गं?”

खोटं बोलायची तिला सवय झाली होती. या वेळी मात्र तिला ते जमेना.

“आला असता,” ती म्हणाली.

त्यांनी मान हलवली. निघायच्या दिवशी सकाळी त्या परत येईपर्यंत सोबतीला राहणारा माणूस आला. रेवाने गाडीत सामान ठेवलं. रघुवीर वॉकर धरून खिडकीपर्यंत आले आणि काचेला टेकून उभे राहिले. धुक्यात गाडीचे मागचे दिवे गल्लीच्या वळणापर्यंत दिसले. मग तो माणूस म्हणाला, “बैठ जाइए, बाबूजी,” आणि ते त्याच्या हाताला धरून हळूहळू बसले.