काचेपलीकडचे ओठ

दत्तगुरूंवर माझी श्रद्धा लहानपणापासूनची. पण त्या दिवशी ती डगमगली होती, हे आधीच सांगते. २०२० चा हिवाळा. आम्ही डब्लिनला, क्लोनडॉकिनमध्ये राहतो. मला सातवा महिना होता आणि सकाळपासून उजव्या कुशीत असह्य दुखत होतं. कोरोनाच्या निर्बंधांमुळे नवऱ्याला हॉस्पिटलच्या दारातच थांबवलं. तेही सोसलं असतं. पण मला ऐकू येत नाही. लहानपणी तापात कान गेले, तेव्हापासून मी माणसांचे ओठ वाचत जगत आले. आणि त्या वर्षी सगळे ओठ मास्कमागे गेले होते.

डॉक्टर बरंच बोलत होते. डोळे मायाळू होते, पण नुसत्या डोळ्यांवरून काय कळणार? बोललेलं लिहून दाखवणारं फोनवरचं अ‍ॅप भलतंच काहीतरी टिपत होतं. शेवटी त्यांनी घाईघाईत लिहून दाखवलं : अपेंडिक्स, आजच ऑपरेशन. बाळाचं काय, ते कुठेच नव्हतं. समोर सहीचा कागद आला. समजलं नाही तरी हसून मान डोलवायची, लोकांना त्रास नको, ही माझी जन्माची सवय. पेन हातात घेतलंही. मग हात पुढे जाईना. डोळे मिटले. 'महाराज, मला काही कळत नाहीये. आता तुम्हीच बघा.' डोळे उघडले आणि माझ्या वेड्यावाकड्या आवाजात, इंग्रजीत, मोठ्यानं म्हणाले, "मला काहीही समजलेलं नाही. तुमचे ओठ दिसल्याशिवाय मी सही करणार नाही."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. तेवढ्यात दुसऱ्या वॉर्डातल्या एक वयस्क नर्स काहीतरी न्यायला आत आल्या. डॉक्टरांशी थोडं बोलल्या, मला 'थांब' अशी खूण केली आणि निघून गेल्या. थोड्या वेळानं बघते, तर त्या खिडकीबाहेर अंगणात, भुरभुर पावसात उभ्या! त्यांनी मास्क हनुवटीखाली ओढला. मी पोटावर हात ठेवला. काचेपलीकडे त्यांचे ओठ सावकाश हलले, "बेबी इज ग्रँड." इथल्या बोलीत 'ग्रँड' म्हणजे अगदी ठीक.

मला रडू फुटलं. ऑपरेशन टाळलं तर दोघांनाही धोका आहे, केलं तर बाळावर पूर्ण वेळ लक्ष ठेवतील, सगळं त्यांनी समजावलं. घाई केली नाही. शेवटी म्हणाल्या, "माझी बहीण तुझ्यासारखीच आहे." मी सही केली.

ऑपरेशन नीट झालं. नंतर माझ्याशी बोलताना वॉर्डातली माणसं लांब उभी राहून मास्कऐवजी पारदर्शक शील्ड लावू लागली. त्या बाई मात्र पुन्हा भेटल्या नाहीत. त्या कशा नेमक्या तेव्हाच आल्या, हे मी कुणाला पटवायला जात नाही. शरण जायचं म्हणजे मुकाट्यानं मान डोलवायची, असं मला वाटायचं. 'मला कळत नाही' हे देवाला सांगितलं, तसंच माणसांनाही सांगायचं असतं, एवढं त्या दिवशी शिकले.

२०२१ च्या सुरुवातीला मुलगी झाली. सुईणीनं तिला वर उचललं. तिचं पहिलं रडणं मी तिच्या इवल्याशा ओठांवर वाचलं, आणि आपोआप हात जोडले गेले.