ताटलीभोवतीच्या सह्या

बनुबाईच्या तोंडाला लागायला गावात कुणी धजत नाही. साठी उलटली, गुडघे गेले, पण जिभेची धार तसूभर कमी नाही. तिचं एकच दुखणं, घोड नदीतली वाळू. वाळूवाल्या कानिफनाथाचे डंपर रोज पात्र खरवडतात, आणि अख्खं गाव जिचं पाणी पितं ती काठावरची विहीर मार्चातच तळ दाखवते.

सात वर्षांपूर्वी तिने बायकांचा नदी गट काढला. पुरुषांना मुद्दाम घेतलं नाही. "ह्यांची निम्मी ट्रॅक्टरं वाळूवरच चालत्यात, हे काय नदी राखनार!" पण गट कसला, बाराजणींचा नुसता घोळका. बैठकीला येणार, माना डोलावणार, आणि बोलायची वेळ आली की बनुबाईच्या पाठीमागे. "मी मेल्यावर काय माझ्या फोटूला बोलायला लावनार का गं?" ती करवादायची.

वाळूउपशाविरुद्धच्या अर्जावर पहिली सही करायला तर कुणीच पुढे येईना. त्यांचंही काय चुकलं म्हणा! मागे गावातल्या सहादेवने अशाच अर्जावर पहिली सही केली, आठवड्यात कानिफनाथाच्या माणसांनी त्याची पाण्याची मोटर फोडून नदीत फेकली. तेव्हापासून तो गडी नदीकडे फिरकला नाही. म्हणून बनुबाईने शक्कल लढवली. कागदावर ताटली पालथी घालून गोल काढला आणि सह्या त्या गोलाभोवती घेतल्या. पहिली कोण, शेवटची कोण, शोधत बस म्हणावं! वर सगळ्यांना दम भरला, "कानिफ्या दारात आलाच तर माझं नाव सांगायचं. म्हातारीचं काय वाकडं करतोय?"

अर्ज तहसील कचेरीत दिला, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याचा फोटो कानिफनाथाच्या मोबाईलात. पहिली सही कुणाची ते विचारत तो घरोघर फिरला. दुपारी बनुबाईच्या अंगणात गाडी लावली.

"पहिली सही कुनाची?"

"माझी. डोळे फुटले का तुझे?"

"दहा जनी तेच म्हनल्या. ज्ञानेश्वरची बायको निकिता मातर म्हनती, पहिली तिची." तो हसला. "तुझी कसली भीती, म्हातारे? तू चार दिसांची. त्या पोरीचंच बघावं लागंल."

दुसरी कुणी उभी राहावी म्हणून बनुबाईने सात वर्षं शिव्या घातल्या. आता एक उभी राहिली, तर मेलीला धरून खाली बसवावं असं वाटायला लागलं.

गाडी गेली तशी ती गुडघे धरत निकिताच्या दारात पोचली. "काय अवदसा आठवली गं तुला? काय सांगितलं हुतं मी?"

निकिता भाकरी थापत होती. भाकरीची कड फाटत होती. "आत्या, तुमच्या माघारी कुनाचं नाव सांगायचं?"

बनुबाई उंबऱ्यावरच बसली आणि गटातल्या बाकी दहाही जणींना निरोप धाडला, हातातलं काम टाका अन् इकडं या, पोरीला एकटं सोडायचं न्हाई.

सहाजणी आल्या. कानिफनाथाची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली, दारातल्या आठ बायका बघून थांबली, कर्कश हॉर्न वाजवून निघून गेली. परत येणार हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. बनुबाईने न आलेल्या चौघींचा मनसोक्त उद्धार केला. मग निकिताकडे वळली.

"उद्या त्या चौघींच्या घरी तू जायचं. मी न्हाई येनार."