बाईंना कागद लागतो

चूक माझीच. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, शाळा सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स काढताना मी जातीच्या रकान्यावर पांढरी पट्टी ठेवली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. पण ती झेरॉक्स जाणार होती वरच्या मजल्यावरच्या बाईंकडे, आणि कागदाच्या बाबतीत बाईंना फसवू शकेल असा माणूस अख्ख्या कतारमध्ये नाही.

बाई निवृत्त इतिहासशिक्षिका. दोहातल्या अल मुंतझा भागात मुलाकडे राहायला आल्या आणि दर शुक्रवारी बिल्डिंगमधल्या मराठी पोरांना घराघरांतल्या जुन्या कागदांवरून इतिहास शिकवू लागल्या. तोंडी गोष्टीवर त्यांचा विश्वासच नाही. लिफ्ट बंद असल्याची चिठ्ठीसुद्धा तारीख घालून जपून ठेवतात. माझा वाढदिवस आहे म्हटल्यावर "पुरावा?" म्हणाल्या, आयडी दाखवलं तेव्हा कुठे शिरा मिळाला.

त्या शुक्रवारचा धडा होता, आपल्या गावच्या शाळेत सगळी मुलं एकत्र कधी बसू लागली. आम्हा गल्फवाल्यांचं सगळं आयुष्य एका प्लास्टिकच्या फाइलीत असतं. जात पडताळणीसाठी मिळवलेला आबांचा दाखलाही त्यातच होता. आबा वर्गाबाहेर बसून शिकले, हे मी लेकीला कधी सांगितलं नव्हतं. इथे कोण विचारतंय, मग कशाला, असं म्हणायचो. खरं म्हणजे लाज वाटायची.

बाईंनी झेरॉक्स उजेडात धरली. "भाऊ, एक रकाना कुठं गेला?"

"प्रिंटर जरा..."

"प्रिंटर इतकं सरळ रेषेत खात नाही हो. यल्ला, चला, मूळ कागद आणा."

आणला. बाईंनी तो सगळ्या पोरांना वाचायला लावला आणि माझ्याच फोनवरून गावी आबांना व्हिडिओ कॉल करायला सांगितला. शाळेत कुठं बसायचात, या बाईंच्या पहिल्याच प्रश्नावर आबा म्हणाले, "वर्गाबाहेर."

"आबा, पण व्हाय आउटसाइड?" लेकीनं विचारलं. मी फरशीकडे बघत बसलो.

आबा मात्र सहज बोलले. "आमच्या जातीला आत घेत नव्हते, बाळा. दाराशी पोतं टाकून बसायचो. मग नवे गुरुजी आले. म्हणाले, इथनं तुझी पाटी दिसत नाही मला, आत ये. उचललं पोतं, गेलो आत."

"आबा, यू जस्ट वेंट इन!" लेक ओरडली आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी शब्दन् शब्द टिपून आबांना वाचून दाखवला. "बरोबर?"

"बरोबर," आबा म्हणाले. "आजवर कुणी लिहून घेतलं नव्हतं, बाई."

पुढच्या आठवड्यात बाई कायमच्या परत चालल्यात. शुक्रवारी आता पोरं काय करणार कोण जाणे. परवा जिन्यात भेटल्या, तेव्हा "बाई, उपकार झाले" एवढंच मला जमलं. घरी येऊन बायकोला सांगितलं.

"तोंडी? आणि बाईंना?" ती म्हणाली. "लिहून द्या. आणि या वेळी पट्टी नको."