पाटावरची रिकामी जागा

अन्याय माझ्या वहिनीवर झाला. गेल्या खंडेनवमीला, सकाळी, आरतीचं निरांजन पेटवायच्या आधी, आमच्या असोद्याच्या घरात. करणारे माझे वडील, म्हणजे आबा. बघणारे आम्ही बाकी सगळे.

पाटावर हत्यारं मांडली होती. केळीचे घड उतरवायचा कोयता, विळे, कुऱ्हाड, पहार, मोटार खोलायचे पाने. भावानं त्याचा लॅपटॉपही टेकवला होता. वहिनीनं कडेला आपली कापडाची गुंडाळी उलगडून ठेवली. तिच्यात कोरायच्या सुऱ्या. लाकडी मुठीच्या, बोटभर पात्यांच्या. एक टोकदार, एक नखासारखी वळलेली, एक सपाट पटाशी.

आबांनी गुंडाळी उचलून बाजूला सरकवली. "हे कायले अठी? पेन्सिली तासायचं काम हे. हत्यार म्हणजे ज्याच्यावर घर चालतं."

"लॅपटॉपवर कोणतं घर चालतं आबा? त्याच्यावर तर क्रिकेट चालतं," मी म्हणाले.

"हिचं तोंड ठेवा पाटावर," आई म्हणाली. "घरात तेवढं धारदार दुसरं काही नाही."

सगळे हसले. हसण्यात आरती सुरू झाली. वहिनी गुंडाळी पोटाशी धरून आत गेली आणि स्टूल घेऊन ती तिनं माळ्यावर टाकली.

वहिनी धुळ्याची. तिथं चित्रकला शिकलेली. लग्नात रुखवतात तिनं लोकरीची तोरणं नाही मांडली, आपण कोरलेला सागाचा ठसा मांडला. त्यावर एक बकरी आणि बाभळीचं झाड. आमच्याकडच्या बायकांना तो मिठाईचा साचा वाटला. आईनं तर पुढच्या सणाला त्यावर करंजीची पारी दाबली. बकरी उलटी उठली आणि तळताना फुगली. वहिनी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली, आणि ती बकरी तिनंच खाल्ली. ठसा धुऊन, पुसून, तेल लावून ठेवला. आईला शब्दानं दुखवलं नाही. मी असते तर पत्रक काढलं असतं.

पत्रकं मी काढतेच. कॉलेजच्या पोरींना सकाळी जळगावला जायला वेळेवर बस पाहिजे, एवढीच आमची मागणी. आधीची पत्रकं नुसत्या अक्षरांची होती. लोक घ्यायचे आणि त्यात भजी बांधायचे. मग वहिनी म्हणाली, "ताई, चित्र टाका." तिनं लिनोवर एक पोरगी कोरली. पाठीवर दप्तर, मान रस्त्याकडे. लिनो म्हणजे फरशीवर अंथरायच्या जाड चादरीसारखा तुकडा. तो कोरायचा, वर रोलरनं शाई फिरवायची, कागद ठेवून पळीच्या पाठीनं घासायचं. कोरलं ते पांढरं राहतं, ठेवलं ते काळं उठतं. ते पत्रक कुणी भज्यांना वापरलं नाही. बायकांनी ते स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवलं.

मलाही तिनं सुरी धरायला शिकवलं. लिनोचा तुकडा आधी ओट्यावर उन्हात ठेवायचा. तापला की तो लोण्यासारखा कापला जातो. डावा हात कायम पात्याच्या मागे. आणि गोल कापायचं तर सुरी वळवायची नाही, खालचा तुकडा फिरवायचा. मला हे जमेना. मी पात्यावर जोर टाकायची, पातं घसरायचं.

"ढकलू नका हो ताई. हा मोर्चा नाही. तिला चालू द्या."

माझ्या हातावर हात ठेवून ती कोरायची. हात शाईनं काळे, अंगाला लसणाच्या फोडणीचा वास. खोलीत नुसती सरसर. इतकी गप्प मी आयुष्यात कधी बसले नव्हते.

खंडेनवमीनंतर हे सगळं बंद. पुढच्या पत्रकाला चित्र मागितलं तर म्हणाली, "आता अक्षरंच छापा." रडली नाही, भांडली नाही. पोळ्या लाटत राहिली. आबा तिच्या हातच्या वांग्याच्या भरिताचं कौतुक करत राहिले. त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच जास्त राग येतो. मनात काहीच नसताना एवढं हिरावून घेता येतं!

यंदा पावसाळा सरता सरता मीच माळ्यावर चढले. गुंडाळी उघडली. पात्यांवर तांबूस ठिपके. दगड घेतला, तेल सोडलं, ओट्यावर बसून घासायला लागले. वहिनी आत कणीक मळत होती. थोडा वेळ तिनं तो आवाज सोसला. मग कणकेच्या हातानं बाहेर आली. फार चिडली की तिची धुळ्याकडची बोली बाहेर येते, आणि अहो-जाहो गळून पडतं.

"धार लावस का जीव लेस तिना? दे आठे. हाई मन्हं शे!"

"मग घे की," मी म्हणाले.

तिनं सुरी घेतली. दगडावर पातं अलगद टेकवलं, कोन धरला, आणि आवाज बदलला. कणीक परातीत वाळून गेली. त्या दिवशी आईनं खिचडी टाकली.

वहिनीनं लिनोवर खंडेनवमीचा पाट कोरला. कोयता, विळे, पहार, पाने, आबांचे जोडलेले हात. पाटाच्या कडेला गुंडाळीएवढी जागा मात्र तिनं पूर्ण तासून टाकली. छाप काढला तर तिथं कोरा कागद.

तो आम्ही ओसरीत लावला. आबा चहा घेऊन समोर उभे राहिले. कोयत्याच्या मुठीला बांधलेली चिंधीसुद्धा तिनं कोरायची सोडली नव्हती. ती त्यांनी बोटानं चाचपली.

"या कोपऱ्यात शाई नाही लागली का?"

"लागली नाही आबा," वहिनी म्हणाली. "जागा आहे ती."

आबा चहा संपेस्तोवर तिथंच उभे होते. कप मात्र स्वतः आत नेऊन ठेवला.

आता नवरात्र तोंडावर आहे. आबा काय करतील, माहीत नाही. वहिनीनंही विचारलेलं नाही. गुंडाळी परत माळ्यावर जाईल की नाही, ते त्या सकाळी ठरेल. मी आमच्या घरी पाटाजवळ उभी असेन.

तुम्ही तुमच्या घरी उभे राहा. सुनेची, बहिणीची, आईची जी वस्तू आजवर पाटावर आली नाही, ती शोधा. तिला परवानगी मागायला लावू नका. स्वतःच्या हातानं उचला आणि पाटावर मधोमध ठेवा. आणि कोरायची सुरी असेल तर पाण्याचा शिंतोडा नको, गंज चढतो. तेलाचं बोट लावा.